बटाट्याच्या वारशात चार वाटे

माळशिरस-पंढरपूरकडच्या शेतकऱ्याला उसाचं बेणं म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. कांडीवर डोळा असला की फूट निघते आणि नवा ऊस जुन्यासारखाच येतो. बटाट्याचंही तसंच. फोडीवर डोळा ठेवून लावली, की तोच वाण पुन्हा हाती येतो. वाणात किडीला तोंड द्यायची ताकद असली तर ती वावरभर असते. नसली तर एकाही झाडात नसते.

ताकद नव्याने आणायची तर फुलांचा संकर हवा. ज्वारीत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, बटाट्यात चार. घरी करून पाहा: बशीत दोन शेंगदाणे, दोन फुटाणे ठेवा. शेंगदाणा म्हणजे प्रतिकाराची प्रत, आणि एक मिळाली तरी झाडाला पुरते. परागकणात चारांतल्या दोनच प्रती जातात. जोड्या सहा होतात, आणि त्यातल्या एकाच जोडीत दोन्ही फुटाणे येतात. म्हणजे प्रतिकार नसलेल्या वाणाशी संकर केला तरी सरासरी सहातली पाच रोपं प्रतिकारक निघतात. बशीत शेंगदाणा एकच असता तर निम्मीच. (मोहोळला निवडलेली आपली मालदांडी घ्या किंवा दुसरी ज्वारी, खोडमाशीचा प्रतिकार अनेक जनुकांत विखुरलेला असतो. तिथे हा हिशोब चालत नाही.)

सोनेरी सूत्रकृमी, म्हणजे बटाट्याच्या मुळांवर जगणारा बारीक जंत, निलगिरीच्या बटाट्यात १९६१ साली सापडला. मादी मेली की तिची कडक पुटी होते आणि आतली शेकडो अंडी वर्षानुवर्षं मातीत तग धरतात. अँडीजमधल्या बटाट्यात त्याचा प्रतिकार ब्रिटनच्या एलेनबी यांनी १९५२ साली नोंदवला. त्यामागचं जनुक म्हणजे एच-१. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते याचं काम. अशा झाडाच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्याने अंडी उबतात, पिल्लं मुळात शिरतातही. पण ती जिथे खायला बसतात, तिथल्या आजूबाजूच्या पेशी मरतात. उपाशी पिल्लांच्या माद्या होतच नाहीत, आणि मातीतला साठा घटत जातो.

युरोपात एच-१चे वाण सतत लावले गेले, तेव्हा सोनेरी घटला आणि त्याचा फिकट भाऊबंद वाढला, कारण त्याच्यावर हे जनुक चालत नाही. निलगिरीत दोघंही आहेत. १९८५ साली आलेल्या कुफरी स्वर्णाला म्हणून रानटी बटाट्याकडून घेतलेला प्रतिकार दिला. तो दोघांनाही अडवतो.