खड्डेखोदाईची अवजारे (मराठवाडा)

मुरमाड, गोट्यांनी भरलेल्या आणि मुळ्यांनी विणलेल्या जमिनीत झाड लावण्यासाठी खड्डा घेण्याची हत्यारे. पहार, टिकास (टिकाव), कुदळ, खोरे आणि घमेले ही नेहमीची. घण, छिन्नी आणि जुनी कुऱ्हाड प्रसंगाने लागतात. ट्रॅक्टरचे गिरमिट (फिरून खड्डा पाडणारे मोठे पाते) आणि जेसीबी अलीकडचे.

नांदेड जिल्ह्यातील देगलूर-बिलोलीकडचा ग्रॅनाइटचा पट्टा सोडला, तर मराठवाड्याच्या बहुतेक भागाखाली बेसाल्टचा काळा पाषाण आहे. गोदाकाठी काळी माती खोल असते, पण बालाघाट आणि अजिंठ्याच्या डोंगरउतारांवरील बरडात वीतभर मातीखालीच मुरूम लागतो. बेसाल्ट झिजतो तो कांद्यासारखा, पापुद्र्या-पापुद्र्यांनी. त्यामुळे मऊ मुरमात मध्येच टणक गाभ्याचा गोल गोटा बसलेला असतो आणि खोदणाऱ्याचा खरा वेळ तोच खातो. बीडचे सीताफळ, जालन्याची मोसंबी आणि मराठवाड्याचा केसर आंबा यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सीताफळ अशा बरडावर आपोआपही उगवते. आंब्याला मात्र लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी 1 मीटर असा खड्डा घेण्याची शिफारस असते.

टिकासाच्या पात्याचे एक टोक अणकुचीदार, दुसरे चपटे. माती-मुरमाचा वरचा थर फोडायला त्याच्यासारखे हत्यार नाही; पण त्याला वरून फिरवायला मोकळी जागा लागते. खड्डा गुडघाभर खोल गेला की दांडा काठाला अडतो. तिथून पुढे पहार. चार-पाच फूट लांबीची ही भरीव सळई, एका टोकाला छिन्नीसारखी चपटी, दुसऱ्याला टोकदार. ती सरळ उभी खाली सोडायची असते, त्यामुळे अरुंद खड्ड्यातही चालते. जोर हातांचा कमी, वजनाचा जास्त. आवाजावरून खालचे कळते: ‘धप्प’ आला तर मुरूम, ‘ठण्ण’ आला तर गोटा. मग गोटा फोडण्यापेक्षा त्याच्या कडेची फट शोधून पहार घालायची, काठावरच्या दगडाचा टेकू द्यायचा आणि गोटा उचकटायचा. संध्याकाळी खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतून ठेवले की सकाळी मुरूम बराच नरमतो. खाली साचलेला चुरा खोऱ्याने निघत नाही, तो हातानेच घमेल्यात भरावा लागतो. कुदळीला मान मोठा, भूमिपूजनाला पाहुण्यांच्या हाती तीच दिली जाते (तीही आधी भुसभुशीत करून ठेवलेल्या मातीत). बरडात मात्र ती दुय्यम.

पहारीचे टोक दगडावर लवकर बोथट होते. गावचा लोहार किंवा फिरता घिसाडी ते भट्टीत लाल करतो, ऐरणीवर ठोकून काढतो आणि पाणी देतो, म्हणजे तापलेले टोक पाण्यात बुडवून टणक करतो. सारी कला या पाण्यात. पाणी कडक झाले तर टोक पहिल्याच गोट्यावर टवका उडून तुटते, नरम राहिले तर वाकते. टिकासाचा दांडा बहुधा बाभळीचा. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसते आणि दांडा पात्याच्या नेढ्यात (भोकात) खुळखुळू लागतो. तेव्हा पाचर ठोकतात किंवा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात. सैल पात्याने काम करणे धोक्याचे, ते निसटून शेजारच्याच्या नडगीवर येऊ शकते.

मुळ्यांचा त्रास दगडाहून वेगळा. वेडी बाभूळ, बोर, पळस यांची मुळे चिवट असतात. पळसाच्या मुळांच्या सालीचे तर दोर वळतात. टिकास अशा मुळीवर आदळून उसळतो. बारीक मुळ्या टिकासाच्या चपट्या बाजूने तुटतात, मनगटाएवढ्या मुळ्या पहारीच्या चपट्या टोकाने, खाली दगड असेल तर त्यावरच ठेचून. कुऱ्हाड वापरायचीच तर टाकाऊ वापरावी, कारण मुरमाचा एक कण चांगली धार घालवतो. काळ्या रानातला कुंदा (एक चिवट गवत) तुटतो, मरत नाही. त्याच्या कांड्या वेचून बाहेर टाकाव्या लागतात.

गिरमिट मऊ रानात झपाट्याने चालते. गोट्यावर मात्र ते नुसते घरघरते, मुळी गुंडाळली की अडते आणि त्याचा शिअर बोल्ट (जादा ताण आला की यंत्र वाचवायला तुटणारा खिळा) तुटतो. ओलसर चिकण मातीत ते खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत करते, त्या पहारीने खरवडून घेणे बरे. जेसीबी गोटे उपसतो, पण वरची माती आणि खालचा मुरूम एकत्र कालवतो. हाताने खोदताना त्यांचे वेगळे ढीग घालता येतात. अखंड पाषाण लागला तर ब्रेकरच (दगड फोडणारे यंत्र).

खोलीपेक्षा तळ महत्त्वाचा. पाषाणात घेतलेला खड्डा रांजणासारखा होतो, पावसाळ्यात पाणी तुंबते आणि रोपाची मुळे कुजतात. म्हणून खड्डा भरण्यापूर्वी त्यात पाणी सोडून पाहतात. दुसऱ्या दिवशीही ते उभे दिसले, तर तळाला पहारीने भेग पाडतात किंवा जागा बदलतात.

हे काम बहुधा एप्रिल-मेमध्ये, गुत्त्याने, खड्ड्यामागे दर ठरवून दिले जाते. मापाला मालकाची काठी. पाषाण लागलेल्या खड्ड्याचा दर वेगळा की तोच, यावर वाद ठरलेला. तो मिटवायला खड्डा हातभर बाजूला सरकवतात, म्हणून बरडावरच्या बागांत सरळ ओळीत एखादे झाड मध्येच बाहेर आलेले दिसते.