बिघडलेलं यंत्र उघडायचं कोणी? घरगुती संगणकाच्या मदतीची पार्श्वभूमी

फोनचा पडदा बदलून आणावा आणि फोनने 'हा भाग ओळखता आला नाही' असं बजावावं, ही तक्रार आता नवी राहिलेली नाही. भाग अस्सल असतो, तशाच दुसऱ्या फोनमधून काढलेला असतो, बसवणाऱ्याचा हातही तयार असतो. तरी एखाद-दुसरी सोय बंद पडते. या प्रकारावर गेल्या काही वर्षांत जे कायदे झाले, त्यांच्यावरून ओढाताण अजून चालू आहे. घरातलं यंत्र बिघडलं तर मदतीला कोणाला बोलवायचं, हे मालकाने ठरवायचं की बनवणाऱ्याने, हा त्या ओढाताणीमागचा प्रश्न मात्र बराच जुना आहे.

रेडिओ-टीव्हीच्या काळात तो फारसा उठत नव्हता. व्हॉल्व्हच्या, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेल्या, संचात कोणता व्हॉल्व्ह कुठे बसतो याचा तक्ता पेटीच्या आतच चिकटवलेला असे. घरगुती संगणकही आधी त्याच वळणाने आले. १९७७ साली तयार स्वरूपात विकायला आलेल्या संगणकांपैकी एकाच्या पुस्तिकेत पुढच्याच वर्षी पूर्ण सर्किट आणि रॉममधला, म्हणजे यंत्रातच कायमचा कोरलेला, प्रोग्रॅम ओळ न् ओळ छापून आला. १९८१च्या पीसीची तांत्रिक पुस्तिकाही तशीच उघडी होती. १९७८च्या फेब्रुवारीत शिकागोत हिमवादळाच्या दिवसांत पहिला डायल-अप सूचनाफलक (फोनच्या तारेवरून संगणक जोडून संदेश वाचण्या-लिहिण्याची जागा) सुरू झाला, १९८०पासून विद्यापीठांमध्ये चर्चागटांचं जाळं पसरलं, आणि एकाच्या अडचणीला अनोळखी माणसाने उत्तर देण्याची रीत पडली.

या रीतीची खरी कसोटी लागली ती नव्वदच्या दशकात, संगणक सर्रास घरोघर गेल्यावर. तेव्हाच्या अडचणी आज सांगितल्या तर पटणार नाहीत. पीसीमध्ये इंटरप्टच्या रेषा, म्हणजे जोडलेल्या वस्तूंनी प्रोसेसरचं लक्ष वेधण्याच्या वाटा, सोळाच; त्यातल्या बऱ्याच आधीच अडलेल्या. पहिलं आणि तिसरं सिरियल पोर्ट एकच रेषा वापरायची. त्यामुळे माउस एकावर आणि मोडेम (संगणक फोनच्या तारेला जोडणारं साधन) दुसऱ्यावर असला, की मोडेमने नंबर फिरवताच माउस गोठायचा. दोन्ही वस्तू चांगल्या, दोन्ही दुकानदार खरे, आणि तरीही घरातला माणूस हतबल. कार्डावरचा एवढासा जंपर (दोन पिना जोडणारी टोपी) हलवला की काम व्हायचं, पण कोणता जंपर हे सांगणारं कोणीतरी लागायचं. ऑगस्ट १९९५मध्ये आलेल्या विंडोज ९५ने ही जुळवाजुळव यंत्रावरच सोपवायची, असं ठरवलं. जुन्या कार्डांपुढे मात्र तिचंही फारसं चालत नसे.

कंपन्यांच्या हेल्पलाइनवर बसणाऱ्याला समोरचा पडदा दिसत नसे. 'काय लिहून आलंय ते जसंच्या तसं वाचा' हे त्याचं पहिलं वाक्य असे, आणि ते योग्यच होतं. चर्चागटांतही नवख्याला हीच शिस्त लावली जाई: यंत्र कोणतं, आवृत्ती कोणती, संदेशातले शब्द नेमके कोणते, आणि बिघाडाच्या आधी शेवटचा बदल काय केला होता. तेच ते प्रश्न येऊ लागले तेव्हा त्यांच्या उत्तरांचे संग्रह लिहिले गेले. हे लिहिणाऱ्यांना कोणी पैसे दिले नाहीत. आज घरातल्या दुरुस्तीची जी समज सर्वांची म्हणून वापरली जाते, तिचा मोठा वाटा त्यांचा आहे आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते.

याच दशकात एक निकाल लागला. त्याचा परिणाम आजवर पुरला आहे, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. कॅलिफोर्नियातली एक कंपनी संगणक बनवायची, त्यावरचं सॉफ्टवेअर लिहायची आणि देखभालही करायची. तिचा एक अधिकारी देखभालीचं काम करणाऱ्या दुसऱ्या कंपनीत गेला, त्याच्यामागे काही ग्राहकही गेले, आणि प्रकरण कोर्टात पोचलं. एप्रिल १९९३मध्ये अमेरिकेच्या एका संघीय अपील न्यायालयाने निकाल दिला तो असा: बाहेरच्या तंत्रज्ञाने ग्राहकाचा संगणक चालू केला, की ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कवरून रॅममध्ये, म्हणजे यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत, येते. तंत्रज्ञ पडद्यावर बिघाडांची नोंद वाचू शकतो, म्हणजे रॅममधली ती प्रत पुरेशी टिकाऊ आहे. अशी प्रत करण्याचा परवाना ग्राहकाला आहे, तंत्रज्ञाला नाही. म्हणून कॉपीराइटचा भंग झाला.

संगणकाचं बटण दाबणं हाच भंग! प्रोग्रॅमच्या प्रतीच्या मालकाला कायद्यात सवलत होती, पण ग्राहक हे सॉफ्टवेअरचे मालकच नव्हेत, ते फक्त परवानाधारक, असं म्हणून न्यायालयाने तोही दरवाजा लावला. बनवणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. निदानाची साधनं तयार करायला त्यांना खर्च आला होता, आणि ती दुसऱ्याने फुकट वापरावीत हे त्यांना मान्य नव्हतं. पण त्या साधनांचा वेगळा बंदोबस्त करता आला असता. यंत्र नुसतं सुरू करण्यावरच हक्क सांगितल्यावर दुरुस्तीचं सगळं कामच बनवणाऱ्याच्या मर्जीवर गेलं. पैसे मोजून घरी आणलेली वस्तू दुसऱ्याकडून तपासून घेण्यासाठी तिच्या कारखान्याची परवानगी लागावी, हे मला तेव्हाही न्यायाचं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

ऑक्टोबर १९९८मध्ये अमेरिकेचा कॉपीराइट कायदा बदलला. यंत्राच्या मालकाला किंवा भाडेकरूला देखभालीसाठी ते स्वतः चालू करता येईल, दुसऱ्याकडून चालू करून घेता येईल, अशी दुरुस्ती झाली. अटी दोन: सुरू करताना झालेली प्रत दुसऱ्या कशासाठी वापरायची नाही, आणि काम संपताच ती नष्ट व्हायला हवी. यंत्र सुरू होण्यासाठी जे सॉफ्टवेअर लागत नाही, ते वापरायची मोकळीक मात्र यात नव्हती. म्हणजे यंत्र चालू करायचं, पण त्याच यंत्रात असलेल्या निदानाच्या प्रोग्रॅमला हात लावायचा नाही.

आणि १९९८च्या त्याच कायद्याच्या आणखी एका भागाने डिजिटल कुलूप, म्हणजे सॉफ्टवेअर उघडू न देणारी अडवणूक, तोडणं बेकायदा ठरवलं. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं गेलं. दर तीन वर्षांनी या बंदीच्या अपवादांचा फेरविचार होतो. २०१८मध्ये फोन आणि घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीसाठी अपवाद मिळाला, २०२१मध्ये तो ग्राहकोपयोगी यंत्रांपर्यंत बराच रुंद झाला. तरी हे अपवाद कुलूप उघडण्याच्या कृतीपुरते आहेत. उघडण्याचं साधन बनवून इतरांना देण्याला ते लागू नाहीत. ज्याला साधन स्वतः तयार करता येत नाही, त्याला, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच, हा हक्क कागदावरच मिळाला. कायदा अमेरिकेचा, पण परवान्यांची भाषा यंत्रांबरोबर सगळीकडे गेली.

घरोघरच्या मदतीवर याचा तडाखा लगेच दिसला नाही, कारण पुढची काही वर्षं सगळ्यांचं लक्ष विषाणूंकडे होतं. ऑगस्ट २००३मधला ब्लास्टर हा त्यातला सर्वांत शिकवून गेलेला. संगणक इंटरनेटला जोडला की साठ सेकंदांची उलटी मोजणी दिसायची आणि तो बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. उपाय इंटरनेटवर होता, आणि तो उतरवून घेण्याएवढा वेळ यंत्र द्यायचं नाही. 'शटडाउन -ए' ही आज्ञा टंकली की मोजणी थांबायची. ही एवढीशी ओळ फोनवरून, चिठ्ठीवरून, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे गेली आणि असंख्य संगणक वाचले. कोणत्याही पुस्तिकेपेक्षा ती लवकर पोचली.

२००१च्या विंडोज एक्सपीमध्ये दुसऱ्याचा पडदा दुरून पाहण्याची सोय आली होती. वाचून दाखवण्याचा त्रास त्यामुळे वाचला. पण पुढे, साधारण २००८नंतर, याच प्रकारच्या साधनांवर ठगांचा धंदा उभा राहिला. अनोळखी माणूस फोन करतो, संगणकातली घटनांची नोंदवही उघडायला लावतो, तिथल्या नेहमीच्या निरुपद्रवी लाल खुणा दाखवून घाबरवतो आणि पैसे मागतो. मदत मागणाऱ्यांचा विश्वास याने जेवढा खचला तेवढा दुसऱ्या कशाने खचला नसेल. 'अधिकृत' मदतीचाच आग्रह धरणाऱ्यांना यात आयतं कारणही मिळालं.

२०१६च्या सुरुवातीला वाद पुन्हा पेटला. एका लोकप्रिय फोनचं बोटाचा ठसा ओळखणारं बटण ज्यांनी बाहेरून बदलून घेतलं होतं, त्यांचे फोन नवी आवृत्ती घेताच 'एरर ५३' दाखवून बंद पडले. आधी सुरक्षेचं कारण दिलं गेलं. मग ही तपासणी कारखान्यातली असून ग्राहकांना तिचा त्रास व्हायला नको होता, असं सांगून सुधारणा दिली गेली. ऑस्ट्रेलियात ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१८मध्ये ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. ठशाच्या बटणाला सुरक्षेचं कारण लागू पडतं, हे मान्य. पडद्याला आणि बॅटरीला ते कसं लागू पडतं, याचं समाधानकारक उत्तर अजून मिळालेलं नाही.

त्यानंतर पावलं भराभर पडली. फ्रान्सने जानेवारी २०२१पासून काही उपकरणांवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापणं बंधनकारक केलं. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४मध्ये सुट्या भागांना सॉफ्टवेअरने एकाच यंत्राशी बांधून टाकण्यावरच मर्यादा आणली. युरोपीय संघात २० जून २०२५पासून विक्रीला येणाऱ्या नव्या फोनचे महत्त्वाचे सुटे भाग त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं मिळाले पाहिजेत, असा नियम झाला. दुरुस्तीच्या हक्काचा वेगळा निर्देश देशोदेशीच्या कायद्यांत आणायला सदस्य देशांना ३१ जुलै २०२६ची मुदत दिली गेली. भागांची किंमत 'वाजवी' असावी असं त्यात म्हटलं आहे. वाजवी म्हणजे किती, हे त्यात आकड्यांत लिहिलेलं नाही, आणि पुढचं भांडण बहुधा त्यावरूनच होईल.