‘पोलीस ॲक्शन’: बातम्यांतल्या एका शब्दाची पार्श्वभूमी

मराठवाड्यातली जुनी माणसं काळ सांगताना ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ किंवा ‘ॲक्शननंतर’ असं सहज म्हणत. खूण सप्टेंबर १९४८ ची, भारताने निजामाच्या हैदराबाद संस्थानात फौज घातली तेव्हाची; मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. १३ तारखेला पहाटे सोलापूरकडून नळदुर्गाच्या दिशेने निघालं ते मात्र पोलीस दल नव्हतं. ती मेजर जनरल जे. एन. चौधरी यांची चिलखती डिव्हिजन होती, रणगाड्यांसकट. मदतीला हवाई दलही होतं. मग यात पोलीस आले कुठून?

हा शब्दप्रयोग त्याआधी वर्षभर गाजत होता, इंडोनेशियामुळे. २१ जुलै १९४७ ला डच फौजा जावा-सुमात्रात घुसल्या आणि हेगच्या डच सरकारने त्याला ‘पोलिसी कारवाई’ म्हटलं; इंडोनेशिया त्यांच्या लेखी अजून डच वसाहतच होती. यामागे कायद्याचा हिशेब होता. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २(७) सांगतं की देशाच्या अंतर्गत बाबींत संघटनेने हात घालू नये. युद्ध दोन राज्यांत होतं, पोलीस आपल्याच हद्दीत फिरतात. म्हणजे ‘पोलीस’ म्हटलं की इंडोनेशिया हे वेगळं राज्य नाही, हे न बोलता सांगून झालं. डाव फार काळ चालला नाही. ३० जुलैला भारत आणि ऑस्ट्रेलियाने प्रश्न सुरक्षा परिषदेत नेला आणि १ ऑगस्टच्या ठरावाने लढाई थांबवायला सांगितलं.

गंमत अशी, की तक्रार करणाऱ्या भारतानेच पुढच्या वर्षी तोच शब्द उचलला. कारणही जवळपास तेच. निजाम सरकारने ऑगस्ट १९४८ मध्ये सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली होती. लष्करी भाषेत मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन पोलो’, जगासमोर मात्र ‘पोलीस ॲक्शन’. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली, दुसऱ्या दिवशी त्याच्या फौजेने शरणागती पत्करली.

कोरियाची गोष्ट पत्रकारांसाठी जास्त बोलकी आहे. उत्तर कोरियाने दक्षिण कोरियावर हल्ला केला आणि अमेरिका दक्षिणेच्या मदतीला उतरली. २९ जून १९५० च्या पत्रकार परिषदेत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन म्हणाले, आपण युद्धात नाही. त्यावर एका वार्ताहराने विचारलं, मग याला संयुक्त राष्ट्रांखालची ‘पोलीस ॲक्शन’ म्हणणं बरोबर ठरेल का? ट्रुमन यांनी होकार दिला, अगदी तेच आहे म्हणाले. म्हणजे शब्द वार्ताहराचा, ट्रुमन यांचा फक्त दुजोरा. छापून आल्यावर प्रश्न गळाला आणि शब्द कायमचा ट्रुमन यांच्या नावावर चढला. तोही सोयीचा होता, कारण अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार युद्ध पुकारायचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, आणि तिथे हा प्रश्न मंजुरीसाठी नेलाच नव्हता. लढाई तीन वर्षं चालली आणि सुमारे ३६ हजार अमेरिकी सैनिक मेले. कोरियन लोकांची हानी त्याच्या कितीतरी पट.

जुने अंक चाळताना म्हणूनच तीन गोष्टी पाहाव्यात. शब्दाभोवती अवतरण चिन्हं आहेत का? नसतील तर वृत्तपत्राने सरकारी नाव आपलंसं केलं असं समजावं. बातमी कुठून निघाली, राजधानीतून की आघाडीवरून? एकाच घटनेला दोन्हीकडून वेगवेगळी नावं मिळू शकतात. आणि उद्गार मूळ कोणाचा, उत्तर देणाऱ्याचा की विचारणाऱ्याचा? मथळ्यात जागा कमी असते, त्यामुळे चिन्हं आणि प्रश्न हेच आधी कापले जातात.

भाषांतरातही इथेच घसरायला होतं. ‘पोलीस कारवाई’ म्हटलं की आजच्या मराठी वाचकाला जुगाराच्या अड्ड्यावरचा छापा दिसतो. त्यामुळे १९४८ च्या संदर्भात ‘पोलीस ॲक्शन’ तसंच ठेवणं उत्तम. बोलीत ते केव्हाच मुरलं आहे. सरकारी कार्यक्रमपत्रिकेत मात्र तो शब्द सापडत नाही. १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होतं ते ‘मुक्तिसंग्राम दिना’चं.