पोलिसांनी बोलावलं तर आधी आम्हाला फोन, मग जबाब

आमच्या वकिली फर्मकडे येणारे बरेच फोन एकाच वाक्याने सुरू होतात : “मी जाऊन सगळं खरं खरं सांगून आलोय, आता पुढे काय?” पुढचं आम्ही पाहतोच, पण तोवर निम्मं काम हातातून गेलेलं असतं. म्हणून हे पत्रक. यातलं सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, तिकडच्या भाच्या-पुतण्यांना हे व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

ही चूक का होते ते आम्हाला ठाऊक आहे. भारतात पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, नव्या साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद राहिली. त्यामुळे ‘ठाण्यात काय ते बोलून टाकू, कोर्टात वकील बघून घेईल’ हे आपल्या अंगवळणी पडलंय. गंमत म्हणजे तो कायदा इंग्रजांनीच केला, पण स्वतःच्या घरी लावला नाही! इथे ठाण्यातला जबाब रेकॉर्ड होतो आणि पुढे कोर्टात तुमच्यासमोर येतो. दमदाटीने घेतलेली कबुली वगळता येते. पण चहा देऊन, गोड बोलून विचारलं तर त्याला दमदाटी कशी म्हणणार?

आमच्या बहुतेक अशिलांना अटक झालेलीच नसते. शेजाऱ्याशी भांडण, नवरा-बायकोची तक्रार, ऑफिसातली एखादी कुरबूर, आणि पोलिसाचा फोन : “सवडीने येऊन जा, तुमची बाजू ऐकायची आहे.” ही गप्पागोष्टींची बैठक नाही. याला वॉलंटरी इंटरव्ह्यू म्हणतात आणि त्यातलं बोलणंही पुरावाच असतं. आपल्या सोयीची दुसरी तारीख मागायला हरकत नसते. ‘लवकर मिटवू’ म्हणून कबूल केलं की कधी कधी पोलीस कॉशन, म्हणजे नोंदीत राहणारी अधिकृत ताकीद, देऊन सोडतात. माणूस सुटलो म्हणून घरी येतो. मग एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, नोकरीसाठी डीबीएस तपासणी (गुन्ह्यांच्या जुन्या नोंदींची) होते किंवा व्हिसाचा फॉर्म भरायची वेळ येते, तेव्हा ती कॉशन पुन्हा समोर उभी राहते.

पोलीस विचारण्याआधी जो इशारा देतात, त्याचं मधलं वाक्य लोकांना घाबरवतं : आत्ता सांगितलं नाही आणि नंतर कोर्टात त्याच गोष्टीवर भिस्त ठेवली, तर बचावाला बाधा येऊ शकते. हे १९९४ च्या कायद्यापासूनचं आहे, आणि खरं आहे. पण ठाण्यात वकील मागितला आणि त्याच्याशी बोलायची संधीच मिळाली नाही, तर त्या वेळच्या गप्प राहण्याचा वाईट अर्थ कोर्टाला काढता येत नाही. तेव्हा वकील येईपर्यंत थांबण्यात तोटा नाही.

“तुम्ही आलात म्हणून तीन तास जास्त लागले,” असंही आम्ही ऐकतो. आम्ही आधी पोलिसांकडून आरोप काय, हातात काय आहे ते काढून घेतो, मग तुमच्याशी बंद खोलीत बोलतो. त्याला वेळ लागतो आणि लागू द्यावा. सगळ्यांना ‘नो कॉमेंट’, म्हणजे ‘काही बोलायचं नाही’, म्हणायला लावतो हाही गैरसमज. कित्येकदा लेखी निवेदन किंवा सरळ उत्तरंच बरी पडतात. आणि मेव्हण्यांनी दर दहा मिनिटांनी फोन केला तरी अशील काय म्हणाला ते आम्ही सांगणार नाही.

बाकी थोडक्यात. पोलिसांचे अधिकार ठरवणाऱ्या १९८४ च्या कायद्याखाली, म्हणजे ज्याला इथे सगळे ‘पेस’ म्हणतात, रस्त्यात झडती घ्यायला पोलिसाकडे वाजवी संशय हवा. १९९४ च्या कायद्यातल्या कलम ६० चा आदेश लागू असेल त्या भागात मात्र संशयाची गरज नसते. चारचौघांत कोट, जॅकेट, हातमोजे एवढंच काढायला सांगता येतं. हुज्जत घालू नका, झडतीची नोंद मागा; तीन महिन्यांपर्यंत मिळते. गंभीर गुन्ह्यात अटक झाल्यावर ‘पेस’च्या कलम १८ खाली घराची झडती वॉरंटविना होऊ शकते, तेव्हा दार अडवून नवा गुन्हा ओढवून घेऊ नका. कोठडी २४ तासांची, मोजणी सहसा ठाण्यात पोचल्यापासून. गंभीर प्रकरणात सुपरिंटेंडेंट ती ३६ तासांपर्यंत नेऊ शकतो. त्यापुढे मॅजिस्ट्रेट, आणि एकूण ९६ च्या वर नाही. दहशतवादाचे नियम वेगळे.

भेटीला आलेल्या आईवडिलांवर वेळ आली तर मराठी दुभाषी मागा, तो फुकट मिळतो. भिडेखातर ‘हिंदी चालेल’ म्हणू नका. ‘मारलं’ आणि ‘ढकललं’ यांत तिथे फार फरक पडतो.

ठाण्यातला सल्लाही फुकट असतो, उत्पन्न कितीही असो. आमची फी सरकार देतं. ड्यूटी सॉलिसिटर, म्हणजे पाळीवर असलेला वकील, वाईट असतो असं आम्ही म्हणणार नाही, पण त्याला तुमच्या आईचं मराठी कळण्याचा संभव कमी. ठाण्यात मोबाइल आणि पाकीट काढून घेतात, पण आमचा नंबर पाठ नसला तरी चालेल. कस्टडी सार्जंटला, म्हणजे कोठडीवरच्या अधिकाऱ्याला, आमच्या फर्मचं नाव सांगा, आमच्यापर्यंत निरोप तो पोचवतो, रात्री दोनलासुद्धा.