लाकडी सर्फबोर्ड: खोबरेल तेलापासून फायबरग्लासपर्यंत

लाकूड पाणी पितं. सर्फबोर्डचा सगळा इतिहास या एका खोडीभोवती फिरतो.

हवाई बेटांवर लाटांवर स्वार व्हायच्या फळीवरून माणसाचा दर्जा कळे. विलिविलीच्या हलक्या लाकडाची लांबलचक ‘ओलो’ सरदारांची. कोआच्या किंवा नीरफणसाच्या लाकडाची पातळ ‘अलाइया’ सगळ्यांची. फळी प्रवाळाने घासून गुळगुळीत करत. विल्यम एलिस या इंग्रज मिशनऱ्याने १८२०च्या दशकात लिहून ठेवलंय की, वापरून झाल्यावर ती उन्हात खडखडीत वाळवून, खोबरेल तेल चोळून, कापडात गुंडाळून घरात टांगली जाई. आपल्याकडे एखाद्या पखवाजाची ठेवतात तशीच निगा.

विसाव्या शतकात कॅलिफोर्नियात रेडवूडच्या अखंड फळ्या आल्या. त्या उचलून किनाऱ्यापर्यंत नेणं हीच कसरत होती. होनोलुलूच्या बिशप म्युझियममधल्या जुन्या फळ्यांची डागडुजी करणाऱ्या टॉम ब्लेकने १९२६मध्ये रेडवूडच्या एका अखंड फळीला आरपार भोकं पाडली आणि वरून पातळ लाकूड चिकटवलं. पुढे त्याने आत सांगाडा असलेला पोकळ बोर्ड बनवला. १९३२मध्ये त्याचं पेटंट मिळालं. आजचे हाताने घडवलेले पोकळ बोर्ड थेट याच घराण्यातले आहेत.

दुसरा मार्ग बाल्साचा. हे लाकूड अतिशय हलकं, पण नखानेही खड्डा पडेल इतकं मऊ, आणि पाण्याला तर हपापलेलंच. व्हार्निश पुरेना. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास, म्हणजे काचेच्या तंतूंचं कापड, आणि ते घट्ट बसवणारं रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, बाजारात मिळू लागलं. बॉब सिमन्स आणि कॅलिफोर्नियातल्या मालिबूच्या कारागिरांनी ते बाल्सावर चढवलं आणि प्रश्न सुटला. गंमत अशी की, लाकडाला वाचवायला आलेल्या या आवरणानेच लाकडाला घराबाहेर काढलं. बाहेरचं कवच इतकं भक्कम असेल, तर आत फोम का नको? १९५०च्या दशकाअखेर होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोम रुळवला आणि बाल्सा मागे पडला.

५ डिसेंबर २००५ला क्लार्क फोम हा कारखाना अचानक बंद झाला. अमेरिकेतल्या बहुतेक बोर्डांचा फोम तिथूनच येई. त्याच वर्षी अमेरिकेच्या मेन राज्यात ग्रेन सर्फबोर्ड्स या कंपनीने पोकळ देवदारी बोर्ड बनवायला सुरुवात केली होती, तर ऑस्ट्रेलियात टॉम वेगनरने पॉलोनियाच्या लाकडात अलाइया पुन्हा जिवंत केली. तिला फायबरग्लास नाही, तेलच.

पोकळ बोर्डाला मात्र फायबरग्लासचं कापड आणि इपॉक्सी हे रेझिन लागतं. इथे घाई नडते. लाकूड तापू लागलं की छिद्रांतली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या रेझिनमध्ये बुडबुडे धरतात. म्हणून आधी रेझिनचा पातळ हात देऊन छिद्रं बुजवतात आणि कापड चढवण्याचं काम हवा थंड होत असताना काढतात. जादा रेझिन निपटून काढायचं; त्याने वजन वाढतं, ताकद नाही. शिवाय एक छोटी झडप ठेवावीच लागते, नाहीतर भर उन्हात आतली हवा प्रसरण पावून सांधे उकलतात.