सुखाचे अर्थशास्त्र

पैसा वाढला की समाधान वाढते का, या प्रश्नाभोवती उभी राहिलेली अर्थशास्त्राची शाखा. उत्पन्न, रोजगार, कर्ज आणि आजूबाजूच्यांची ऐपत यांचा माणसाने स्वतः सांगितलेल्या समाधानाशी काय मेळ बसतो, हे ती तपासते.

मोजण्याचे साधन साधे आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी १९६५ मध्ये शिडीची कल्पना मांडली. तळाशी शून्य म्हणजे आपल्या लेखी सर्वांत वाईट आयुष्य, माथ्यावर दहा म्हणजे सर्वांत चांगले. आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत ते सांगायचे. २०१२ पासून निघणारा जागतिक आनंद अहवाल याच उत्तरांवरून देशांची क्रमवारी लावतो. म्हणजे त्या क्रमवारीत हसणेखिदळणे मोजलेले नसते, आयुष्याचा हिशेब मोजलेला असतो. बातम्यांच्या मथळ्यांत हा फरक सहसा उरत नाही.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ रिचर्ड ईस्टर्लिन यांनी १९७४ मध्ये दाखवले, की एकाच देशात श्रीमंत माणूस गरिबापेक्षा अधिक समाधानी असतो. पण देश वर्षानुवर्षे श्रीमंत होत गेला, तरी सरासरी समाधान त्या प्रमाणात चढत नाही. स्टीव्हन्सन आणि वुल्फर्स या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये हा निष्कर्ष खोडून काढण्याचा प्रयत्न केला. वाद मिटलेला नाही.

ईस्टर्लिन यांच्या बाजूने दिले जाणारे एक कारण तुलनेचे. खानदेशात सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरते. पोटापुरते मिळते आहे असे म्हणणारा सालदार शेजारच्या मळ्यातला आकडा ऐकला की अस्वस्थ होतो. त्याची स्वतःची रक्कम तर तेवढीच असते. दुसरे कारण सवयीचे. रावेर-यावलकडच्या केळीच्या मळ्यात ट्यूबवेलला पाणी लागते त्या दिवशी पेढे वाटले जातात, दोन वर्षांनी त्याच पाण्याकडे कुणी वळून पाहत नाही. पाणी खोल गेले की मात्र सगळे आठवते.

डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. माणूस नफा-तोटा शून्यापासून मोजत नाही, मनातल्या एका खुणेपासून मोजतो, आणि तोटा त्याला तेवढ्याच नफ्यापेक्षा जास्त डाचतो. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात भाव सात-आठ हजारांवर आला. लांब धाग्याचा हमीभाव तेव्हा ६,३८० रुपये होता, म्हणजे भाव त्याच्याही वर होता. तरी अनेकांनी कापूस घरातच रचून ठेवला. अंगाला खाज सुटली, झोपायला जागा उरली नाही, पण मनातली खूण दहा हजारांवरून हलेना. याला निव्वळ मनाचा खेळ म्हणणे अन्यायाचे ठरेल: खत, फवारणी आणि वेचणीची मजुरीही वाढलेली होती.

उत्पन्न किती यापेक्षा ते केव्हा आणि किती खात्रीने येते, हेही महत्त्वाचे. तमिळनाडूतील ऊस उत्पादकांवरील २०१३ च्या अभ्यासात तेच शेतकरी तोडणीआधी, हात आखडलेला असताना, बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडले आणि तोडणीनंतर सुधारले. केळीचे तर एका वादळी दुपारी सगळे पीक आडवे होते. तेव्हा शिडीचा प्रश्न वेचणीआधी विचारला की खेडा खरेदीचे, म्हणजे गावातच येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचे, पैसे हाती आल्यावर, यावरून उत्तर बदलू शकते.

या शाखेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप अमर्त्य सेन यांचा आहे. सतत वंचित राहिलेला माणूस आपल्या अपेक्षाच लहान करतो, त्यामुळे त्याच्या समाधानावरून त्याची स्थिती ठरवता येत नाही. अहिराणी मुलखात ‘कसं काय?’ला ‘बरं शे’ हे उत्तर ठरलेले असते. ते भरल्या कोठारातूनही येते आणि सातपुड्यातल्या कोरड्या पाड्यावरूनही. सर्वेक्षकाच्या कागदावर दोन्हींची पायरी एकच पडते.