थंड हर्बल चहा आणि मुंबईची दमट हवा

वांद्रे, लोअर परळ किंवा फोर्टमधल्या कॉफी शॉपच्या मेनूवर आता कॉफीच्या जोडीने बर्फ घातलेल्या हर्बल चहाचेही तीन-चार प्रकार सहज दिसतात. त्यांतला लाल, आंबट चहा बहुधा लाल अंबाडीच्या बोंडांचा असतो, निळा गोकर्णाच्या फुलांचा, आणि बाकीचे पुदिना, गवती चहा किंवा कॅमोमाइलचे. चहाच्या झुडपाचे पान त्यांत नसल्यामुळे या पेयांत कॅफीन नसते. काळा चहा फार गार केला की कॅफीन आणि टॅनिनसारखी द्रव्ये एकत्र येऊन जो गढूळपणा येतो, तोही येथे येत नाही. दिसायला हे पेय अगदी साधे आहे, परंतु ते चांगले जमवणे गरम चहापेक्षा अवघड असते आणि मुंबईच्या हवेत तर अधिकच.

वनस्पतीचा अर्क नीट उतरायला उकळते पाणी लागते आणि गिऱ्हाइकाला मात्र तो काही मिनिटांत गार होऊन हवा असतो. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने उतरवायचे तर त्यातून एक कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ नुसता वितळतानाच सुमारे 80 कॅलरी शोषून घेतो आणि तरीही त्याचे तापमान शून्यच राहते. शाळेच्या पुस्तकात आपण यालाच अप्रकट उष्मा म्हणून शिकलेलो असतो. आता 200 ग्रॅम चहा 95 अंशांवरून 5 अंशांवर आणायचा असेल तर 18,000 कॅलरी काढाव्या लागतील आणि त्यासाठी सुमारे 210 ग्रॅम बर्फ वितळावा लागेल, म्हणजे अर्कापेक्षा वितळलेले पाणीच जास्त. तोच चहा आधी 30 अंशांपर्यंत निवू दिला, तर जेमतेम 60 ग्रॅम बर्फात काम भागते. म्हणूनच नीट चालवलेल्या काउंटरवर अर्क दुप्पट दाट काढतात, किंवा तो सकाळीच काढून फ्रीजमध्ये ठेवतात. चहा पुळचट लागला तर दोष पानांचा असेलच असे नाही. बऱ्याचदा हा हिशेब चुकलेला असतो.

याच अप्रकट उष्म्याच्या भरवशावर एके काळी अमेरिकेतला बर्फ जहाजाने हिंदुस्थानात येत असे. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने 1833 मध्ये गोठलेल्या जलाशयांतून कापलेला सुमारे 180 टन बर्फ कलकत्त्याला रवाना केला, आणि चार महिन्यांचा, विषुववृत्त ओलांडणारा प्रवास संपला तेव्हा त्यातला सुमारे 100 टन शिल्लक होता. लवकरच मुंबईतही तो उतरू लागला आणि साठवणीसाठी येथे बर्फघर उभे राहिले.

ट्यूडरच्या बर्फाला जहाजात जाड आवरणाचे संरक्षण होते. कॉफी शॉपमधल्या ग्लासाला ते नसते. बाहेरच्या टेबलावर ठेवलेला ग्लास दोन मिनिटांत पाझरू लागतो आणि खालचा कागदी रुमाल भिजून जातो. हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊ लागते त्याला दवबिंदू तापमान म्हणतात. हवा 32 अंश आणि सापेक्ष आर्द्रता 75 टक्के असेल, म्हणजे मुंबईतला उन्हाळ्यातला किंवा पावसाळ्याच्या तोंडावरचा नेहमीचा दिवस असेल, तर ते सुमारे 27 अंश असते. पाच अंशांवरची काच त्याच्या कितीतरी खाली असल्यामुळे वाफ तिच्यावर सतत जमत राहते, आणि ग्लासावर जमणारे प्रत्येक ग्रॅम पाणी सुमारे 580 कॅलरी उष्णता सोडते. ती सगळी आत पोहोचली तर सात ग्रॅम बर्फ वितळवायला पुरेशी आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेल डरन आणि डार्गन फ्रायरसन या हवामानशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये थंड पेयाचे डबे घेऊन हाच परिणाम मोजला होता आणि दमट, उष्ण हवेत पेय गरम होण्यामागे या दवाचा वाटा फार मोठा असतो असे दाखवले होते. ग्लासावरचे थेंब पाहून पेय किती गारेगार आहे असे आपल्याला वाटते. वस्तुतः तेच थेंब त्याला तापवत असतात. एसीत हवा 24 अंश आणि आर्द्रता 55 टक्के असली की दवबिंदू तापमान 14 अंशांच्या आसपास येते आणि पाणी जमण्याचा वेग ढोबळमानाने बाहेरच्या एक चतुर्थांशावर उतरतो. दुहेरी भिंतीच्या ग्लासाची बाहेरची काच फारशी गार होत नसल्यामुळे त्यावर दव जवळजवळ धरतच नाही. केवळ शोभा म्हणून तो वापरणाऱ्यांना हा फायदा आपसूक मिळतो.

आता चवीकडे वळू. गोड चव ओळखणाऱ्या जिभेवरच्या पेशींमध्ये टीआरपीएम5 नावाची एक आयन वाहिनी, म्हणजे विद्युतभारित कणांना पेशीत ये-जा करू देणारे दार, असते. तापमान 15 अंशांवरून 35 अंशांकडे जाते तसा तिचा प्रतिसाद झपाट्याने वाढतो, असे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे बर्फगार चहात साखर कमी जाणवते आणि गोडी पुरेशी लागावी म्हणून पाक जास्त घातला जातो. विश्वास बसत नसेल तर ग्लासातला शेवटचा घोट मुद्दाम कोमट होऊ द्यावा. तो अनेकदा नकोसा गोड लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शनानुसार बाहेरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे दिवसाला सुमारे 50 ग्रॅमच्या आत असावी आणि शक्य तर तिच्याही निम्मी. त्यामुळे ‘पाक वेगळा द्या’ असे काउंटरवर सांगणे शहाणपणाचे ठरते.

सुगंधाचेही असेच आहे. गवती चहाचा लिंबासारखा वास सिट्रल या बाष्पनशील द्रव्याचा असतो. गरम कपातून ते वाफेबरोबर वर येते, बर्फात मात्र बरेचसे पाण्यातच राहते. कॅमोमाइलचा मंद वास तर गार झाल्यावर जवळजवळ हरवतो, आणि त्यासाठी कॉफी शॉपचे दर मोजणे मला तरी पटत नाही. अंबाडीचे तसे नाही. तिच्या बोंडांतल्या आम्लांचा आंबटपणा थंडीने फारसा दबत नाही, आणि तो नेमका उठून दिसतो. विदर्भात अंबाडीचे सरबत करतात त्यामागे हीच जाण असावी. मात्र हा चहा पुष्कळ आम्लधर्मी असतो, त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) तीनच्या आसपास असतो आणि साडेपाचच्या खाली दातांचे कवच झिजू लागते. त्यामुळे तो तासभर चघळत बसण्यापेक्षा स्ट्रॉने संपवावा.

रंगाचा खेळही आम्लाचाच. अंबाडीचा लाल आणि गोकर्णाचा निळा हे दोन्ही अँथोसायनिन या एकाच कुळातल्या रंगद्रव्यांचे. आम्लात त्यांच्या रेणूची रचना बदलते आणि त्याबरोबर रंगही. गोकर्णाच्या निळ्या ग्लासात लिंबाची फोड पिळली की रस पडेल तिथून जांभळ्या रेघा खाली उतरतात आणि ढवळल्यावर सगळा ग्लास जांभळा होतो. चव मात्र लिंबाचीच. गोकर्णाला स्वतःची चव नाममात्र असते. काही ठिकाणी गोकर्णाच्या पाण्याचे निळे बर्फाचे खडेही घालतात. महाराष्ट्रात 2018 पासून अखाद्य, औद्योगिक बर्फाला निळा रंग देणे उत्पादकांना बंधनकारक आहे, त्यामुळे मुंबईकराला निळा बर्फ पाहून क्षणभर शंका आली तर ती रास्त म्हणावी. गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत. बर्फ ज्या पाण्याचा, तितकाच तो सुरक्षित.

शेवटी शरीराचा प्रश्न. गरम चहा प्यायल्यानेच उलट थंड वाटते, असे घरोघरी सांगितले जाते आणि त्याला काही आधारही आहे. ओटावा विद्यापीठात ऑली जे आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये सायकल चालवणाऱ्या स्वयंसेवकांना दीड ते 50 अंश तापमानाचे पाणी देऊन मोजमाप केले, तेव्हा गरम पाणी पिणाऱ्यांच्या शरीरात उष्णता कमी साठली, कारण त्यांना घाम जास्त आला. अट एवढीच, की तो घाम सुकायला हवा. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे 580 कॅलरी उष्णता शरीरातून जाते. पाच अंशांवरचा 300 ग्रॅम चहा शरीराच्या तापमानाला येईपर्यंत 9,600 कॅलरी घेतो, म्हणजे तेवढे काम 17 ग्रॅम घाम करू शकतो. मे महिन्यातल्या नागपूरच्या कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो आणि तिथे गरम चहाचा दावा टिकतो. दादरच्या फलाटावर घाम सुकण्याऐवजी कपाळावरून ओघळतो, आणि ओघळून गेलेला थेंब जवळजवळ काहीच उष्णता नेत नाही. तिथे त्या 9,600 कॅलरींचाच काय तो भरवसा.